खेळाचे कपडे कसे पारखायचे: पाण्याचा थेंब, वजनकाटा आणि एक घामाघूम तास

ट्रायल रूममध्ये आपण काय करतो, टीशर्ट अंगात घालतो, आरशात पुढून बघतो, मान वळवून मागून बघतो, बोटांत कापड चुरगळून "मऊ आहे की" म्हणतो आणि बिलिंगला जातो. आता खरं सांगा, यातलं खेळाशी संबंधित काय आहे? तेव्हा आपण कोरडे असतो, एका जागी उभे असतो, गार हवेत असतो आणि कपडा नवाकोरा असतो, म्हणजे कारखान्यात त्यावर लावलेलं फिनिश अजून जसंच्या तसं असतं. मैदानावर हे सगळंच उलटं होतं. त्यामुळे कपडा पारखायचाच असेल तर तो ओला करून, हलवून, तापवून आणि पाच-दहा वेळा धुऊन पारखायचा, आणि यातलं बरंचसं घरच्या घरी जमतं. एक डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि वाटीभर पाणी, एवढ्यात काम होतं.

करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या, नाहीतर पुढच्या टेस्ट कशासाठी हेच कळणार नाही. आपण पळतो किंवा सायकल मारतो तेव्हा शरीर जी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण २० ते २५ टक्केच प्रत्यक्ष कामाला लागते, बाकी सगळी उष्णता, आणि ती बाहेर टाकायचा मोठा मार्ग म्हणजे घाम. जोरात व्यायाम करताना तासाला अर्धा ते दोन लिटर घाम सहज जातो (माणसागणिक आणि हवेगणिक फरक खूप). एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण सगळी मेख त्या "वाळला तर" मध्ये आहे. टपकून जमिनीवर पडलेला घाम तुम्हाला काडीचा थंडावा देत नाही, फुकट गेला तो. म्हणजे कपड्याचं काम घाम लपवणं नाही किंवा नुसतं शोषून घेणं पण नाही, घामाला वाळायला मदत करणं किंवा निदान आड न येणं हे आहे.

दुसरी गंमत अशी की आपल्या त्वचेत "ओलं आहे" हे ओळखणारी वेगळी यंत्रणाच नाहीये. गार लागणं आणि चिकटणं, घासणं या दोन्हींवरून मेंदू अंदाज बांधतो की ओलं असणार. त्यामुळे दोन टीशर्टमध्ये अगदी सारखंच पाणी असलं तरी जो पाठीला चिकटतो तो जास्त ओला वाटतो आणि जो आतल्या बारीक उठावांमुळे त्वचेपासून जरासा सुटा राहतो तो बरा वाटतो. म्हणून वजनकाट्यावरचा आकडा आणि "कसं वाटतंय" या दोन्ही नोंदी लागतात, एकीवरून दुसरी काढता येत नाही.

लेबल वाचा, पण त्यावर निकाल देऊ नका

लेबलवर धाग्याचं नाव असतं. प्रमाणित हवेत, म्हणजे २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला, कॉटन आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी हवेतूनच ओढून धरतं, लोकर १४ ते १८ टक्के, नायलॉन ४ च्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पॉलिएस्टरचा धागा पाणी पिऊन फुगत नाही, म्हणून तो लवकर वाळतो, ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. कमी बोललं जातं ते हे की पॉलिएस्टरला मुळात पाणी आवडतच नाही, घाम पसरतो तो धाग्यांमधल्या बारीक फटींतून, आणि तो नीट पसरावा म्हणून धाग्याला खाचा पाडतात किंवा कापडावर पाणी ओढणारं फिनिश लावतात. खाचा टिकतात, फिनिश धुण्यात जाऊ शकतं. म्हणजे "१०० टक्के पॉलिएस्टर" लिहिलेले दोन टीशर्ट एकमेकांपासून जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात आणि लेबल त्यातलं काहीच सांगत नाही.

आणि कॉटनला उगाच शिव्या घालायची जी फॅशन आहे ना, ती मला फारशी पटत नाही. हळू चालणं, स्ट्रेचिंग, घाम न येणारा व्यायाम, याला कॉटन मस्त आहे, अंगाला छान लागतं, वासही कमी धरतं. प्रॉब्लेम सुरू होतो कपडा भिजला की, कारण मग ते जड होतं, ताणलं जातं आणि वाळायचं नावच घेत नाही. आणि गार वाऱ्यात तर नकोच, पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, भिजलेला कपडा अंगाला चिकटून बसला की थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते.

लोकरीबद्दल एवढंच की टोचणं हे धाग्याच्या जाडीवर असतं, साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे धागे त्वचेला टोचतात, चांगली मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक लोकर, त्याच्या बरीच खाली असते. पण प्रत्येकाची त्वचा वेगळी, त्यामुळे दुकानात हाताला लावून बघू नका, मानेला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, तळहाताला काही कळत नाही.

थेंबाची टेस्ट

ही माझी सगळ्यात आवडती, कारण दोन मिनिटांत होते आणि खोटं बोलत नाही. टीशर्ट उलटा करायचा, कारण घामाला भिडते ती आतली बाजू. एका वाटीच्या तोंडावर तो सैलसर पसरून रबरबँड लावायचा, ताणायचा नाही. मग ड्रॉपरने, ड्रॉपर नसेल तर स्ट्रॉने, अगदी जवळून म्हणजे सेंटिमीटरभर वरून एक थेंब सोडायचा आणि स्टॉपवॉच चालू. थेंबावर जी चमक दिसते ती कधी नाहीशी होते ते बघायचं. चमक गेली म्हणजे थेंब कापडात शिरला. दोन-तीन सेकंदांत गेला तर उत्तम. अर्ध्या मिनिटानंतरही मण्यासारखा तसाच बसून राहिला तर हा कपडा घाम टिपत नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. लॅबमध्ये हेच जरा शिस्तीत करतात, आणि आतून बाहेर घाम कसा सरकतो ते मोजायला वेगळं यंत्रही असतं, पण आपल्याला निवड करायला थेंब पुरतो.

आता लगेच कापड पालथं करून बाहेरची बाजू बघा. ओला डाग बाहेर जास्त मोठा पसरलाय की आत? बाहेर मोठा असेल तर पाणी त्वचेकडून बाहेर ढकललं जातंय आणि मोठ्या जागेवर वाळतंय, हेच तर हवंय. आत मोठा आणि बाहेर काहीच नाही म्हणजे ओल अंगाला धरून बसणार. पाठ, छाती आणि काख अशा तीन ठिकाणी करा, कारण कापड सगळीकडे एकच असेल असं नाही. आणि ही टेस्ट नवीन असताना एकदा आणि पाच धुण्यांनंतर एकदा करायचीच करायची. नवीन कपड्यावर थेंब झटकन शिरतो आणि पाच धुण्यांनंतर मणी होऊन बसतो, असं दिसलं तर समजा की सगळी करामत फिनिशची होती. उलटंही होतं बरं का, नवीन कपड्यावर कारखान्यातलं काहीतरी राहिलेलं असतं आणि एक-दोनदा धुतल्यावर तो सुधारतो, म्हणून पहिल्याच थेंबावरून घाईने परत करू नका.

थेंबाला जोडून अजून एक, टीशर्टचा खालचा काठ सेंटिमीटरभर पाण्यात बुडवून उभा टांगा आणि दहा मिनिटांत ओल किती वर चढली ते मोजा. दोन कपडे शेजारी शेजारी टांगले तर फरक डोळ्यांनीच दिसतो.

छातीवर मोठ्ठा प्लास्टिकसारखा छापील लोगो असेल तर त्याच्या मागच्या बाजूला थेंब टाकून बघा. तिथून काही जाणार नाही. एवढ्या भागात तुम्ही रेनकोट घातल्यासारखंच आहे. छोटा लोगो चालतो, छातीभर छपाई मात्र पळायच्या टीशर्टवर मला अजिबात नको असते. स्पर्धांमध्ये वाटले जाणारे टीशर्ट याच कारणासाठी बरेचदा नुसते फोटोपुरते असतात, पुढे एक मोठा चौकोन आणि मागे सगळ्या प्रायोजकांची यादी.

"क्विक ड्राय" म्हणजे नेमकं किती क्विक

कोरडा कपडा वजन करा. पूर्ण भिजवा, पिळा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि परत वजन करा. सावलीत, पंख्याखाली टांगा आणि दर १५ मिनिटांनी वजन करत राहा, कोरड्या वजनाच्या जवळ आला की झालं. दोन-तीन कपडे एकदम टांगा म्हणजे हवा सगळ्यांना सारखी मिळते.

हे केल्यावर एक गोष्ट लक्षात येते, आणि ती कळली की पुढच्या वेळी अख्खी टेस्ट करायचीही गरज उरत नाही. सारख्या हवेत सारख्या आकाराच्या कपड्यांतून पाणी साधारण सारख्याच वेगाने उडत असतं, लवकर वाळतो तो जादूने नाही, त्याने मुळात पाणीच कमी धरलेलं असतं. म्हणजे पिळून-दाबून झाल्यावरचं पहिलं वजन हेच निम्मं-अधिक उत्तर. जाड पॉलिएस्टर पातळ कॉटनपेक्षा हळू वाळू शकतं ते याच हिशोबाने. म्हणून धाग्याच्या नावाइतकाच जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, हा आकडा बघावा, तो दिला असेल तर. उकाड्यात पळायला १२०-१३० च्या आसपासचं हलकं कापड, जिमला १५०-१६० चालतं, टाईट्सना मात्र २०० च्या वर लागतो नाहीतर आरपार दिसतं.

हवा किती जाते ते बघायला कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, बस. दोन कपडे असतील तर कुठला जास्त अडवतो ते लगेच कळतं. दमट हवेत याला फार किंमत आहे. हवेतच ओल भरलेली असेल तर घाम वाळायलाच तयार नसतो, मग कापडाने तो कितीही छान पसरवला तरी उपयोग मर्यादित, तिथे कामाला येतो तो सैल फिट, ज्यात प्रत्येक हालचालीला कपड्याच्या आतली हवा बदलते. कोरड्या हवेत अंगाबरोबर बसणारा पातळ कपडा चांगला, दमट हवेत जरा ढगळ आणि जाळीचा. जाळी असेल तर ती पाठीच्या मधोमध आणि कमरेच्या वर आहे का बघा. इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठात शरीरावरचे घामाचे नकाशे काढले गेलेत आणि त्यात धडावर सगळ्यात जास्त घाम पाठीच्या मध्यावर आणि खालच्या भागात दिसतो. नुसती खांद्यावर शोभेची जाळी लावलेली असेल तर ती डिझायनरसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

पावसाळी जॅकेटची गोष्ट वेगळी. तिथे ब्रीदेबिलिटीचे, म्हणजे घामाची वाफ कापडातून किती बाहेर जाते त्याचे आकडे देतात, काही कंपन्या २४ तासांत चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ गेली ते सांगतात (जास्त चांगलं), काही आरईटी देतात, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं तो आकडा (कमी चांगलं, ६ च्या खाली असेल तर फारच छान). दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावत बसू नका, आणि ग्रॅमवाल्या पद्धतीतही कापडाने तोंड झाकलेला कप उलटा ठेवून मोजलं की सुलटा यावर आकडा बराच बदलतो. माझं मत विचाराल तर काखेतली उघडता येणारी चेन कुठल्याही मेंब्रेनला, म्हणजे जॅकेटच्या आतल्या वॉटरप्रूफ पातळ थराला हरवते. पळणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम कुठलंही वॉटरप्रूफ कापड निमूटपणे बाहेर सोडत नाही.

हलून बघा, लाज वाटली तरी

ट्रायल रूममध्ये आहातच तर हे तिथेच करा. दोन्ही हात सरळ वर, टीशर्टचा काठ बेंबीच्या वर गेला का? खाली आल्यावर आपोआप जागेवर आला की खेचावा लागला? पूर्ण खाली बसा, मागून कमरेची पट्टी घसरली का, गुडघ्यावर कापड कडक झालं का? मोठं पाऊल पुढे टाकून लंज मारा, जांघेत ओढ बसते का? जागेवर वीसेक सेकंद पळा, शॉर्ट्स मधे गोळा होऊन वर चढतात का? गुडघा आणि कोपर वाकवल्यावर तिथली त्वचा तिसेक टक्क्यांहून जास्त ताणली जाते, तेवढं कापडाने दिलं पाहिजे, नाहीतर ते दुसरीकडून खेचून घेतं आणि कंबर उघडी पडते. सायकलचा कपडा उभं राहून बघूच नका, तो वाकलेल्या अंगासाठी शिवलेला असतो, पुढून आखूड मागून लांब, उभ्याने तो विचित्रच दिसणार. टाईट्स घालून उजेडाकडे पाठ करून खाली बसा आणि मागे कोणालातरी बघायला सांगा, किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढा, उभ्याने न दिसणारं बसल्यावर दिसतं.

ताणून परत येण्याची टेस्ट घरी. गुडघ्याच्या जागी खडूने १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा, कापड १४-१५ सेंटिमीटरपर्यंत ताणा, अर्धा मिनिट धरा, सोडा, मिनिटभर थांबून मोजा. १० किंवा अगदी कणभर जास्त आलं तर ठीक. साडेदहा आलं तर महिन्याभरात गुडघ्यावर फुगे येणार हे नक्की. ही सगळी करामत स्पॅन्डेक्स या रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची, जो १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने शोधला. त्याला उष्णता आणि क्लोरीन दोन्ही सोसत नाहीत, म्हणून रोज तरणतलावात जाणाऱ्यांनी पोहण्याचा कपडा पॉलिएस्टर-पीबीटीचा (पीबीटी हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार) बघावा, अंगाला कमी मऊ लागतो पण टिकतो.

शिवणींसाठी कपडा उलटा करून प्रत्येक शिवणीवरून मनगटाची आतली बाजू फिरवा. काखेत जिथे चार शिवणी एकत्र येतात ती गाठ, मांडीच्या आतली बाजू, मानेचं लेबल आणि बगलेतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल, हे चार गुन्हेगार. फ्लॅटलॉक शिवण म्हणजे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी सपाट जोडलेले, त्यात आत उभी कड येत नाही. जांघेत चार शिवणींच्या चौफुलीऐवजी शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा घातलेला असेल तर शिवणी घासायच्या जागेवरून बाजूला जातात. कोरड्या हाताला जी शिवण "जाणवते पण चालेल" अशी वाटते ती तासाभराने कातडी सोलते, कारण ओल्या त्वचेवर घर्षण वाढतं आणि वर घाम वाळून मिठाचे कण बसतात. लांब पळणाऱ्या पुरुषांच्या टीशर्टवर छातीशी रक्ताचे दोन डाग दिसतात ते यामुळेच. तिथे पेट्रोलियम जेली किंवा टेप लावावी लागते, कपडा बदलून सगळं सुटत नाही.

स्पोर्ट्स ब्रा

हिला वेगळी जागा देतोय कारण इथे चुकीचा कपडा नुसता त्रासदायक नसतो, बऱ्याच जणी त्यामुळे पळणंच सोडतात. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी केली, तीही पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून. स्तनात स्नायू नसतो, आधार असतो तो त्वचेचा आणि आतल्या नाजूक तंतूंचा, आणि पळताना हालचाल नुसती वरखाली होत नाही, बाजूला आणि पुढेमागेही होते.

पारखायची सुरुवात खालच्या पट्टीपासून करायची, खांद्यांपासून नाही, कारण आधाराचा मोठा भार पट्टी घेते. पट्टी मागे-पुढे एकाच पातळीत हवी, खाली कशीबशी दोन बोटं जावीत, हात वर केल्यावर ती वर सरकता कामा नये. पूर्ण खोल श्वास घ्या, अडतोय का? कपवर सुरकुत्या म्हणजे मोठी, वरून किंवा बगलेतून बाहेर येतंय म्हणजे लहान. पट्ट्यांखाली खांद्यावर लाल चरे पडत असतील तर बहुतेक वेळा खालची पट्टी सैल आहे आणि तिचं काम खांदे करतायत. हुक असतील तर नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकवर नीट बसली पाहिजे, इलॅस्टिक सैलावलं की आत सरकायला जागा उरते. मग जागेवर जोरात उड्या मारा. पाळीच्या आसपास आकार बदलतो, त्यामुळे एकाच दिवसाच्या ट्रायलवर दोन-तीन घेऊन टाकू नका.

कॉम्प्रेशनचं काय?

कॉम्प्रेशन म्हणजे अंग आवळून धरणारे घट्ट कपडे. थोडक्यात, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं काही जणांना कमी वाटतं, वेग वाढेल या आशेवर मात्र घेऊ नका. तपासायचं एवढंच की अर्ध्या तासाने मुंग्या येतात का, बोटं पांढरी किंवा निळसर पडतात का, काढल्यावर खोल वळ राहतो का. यातलं काहीही झालं तर एक साइझ मोठी.

कपड्याने कामगिरी खरोखर बदलल्याचं ठळक उदाहरण पोहण्यात आहे. २००८ साली आलेला स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा सूट, मग २००९ मध्ये त्याच्याही पुढचे पॉलियुरेथेनचे सूट, त्या वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम पडले आणि १ जानेवारी २०१० पासून फिनाने, म्हणजे पोहण्याच्या जागतिक संघटनेने, असे सूट बंदच केले. म्हणजे जो कपडा सरळ सरळ फरक पाडतो तो नियमांत बसत नाही, आणि जो नियमांत बसतो तो साधारणपणे तुम्हाला अडवणार नाही एवढंच करतो. आपल्यासारख्यांसाठी तेवढंही खूप आहे.

खरी परीक्षा: घाम येऊ द्या

आता घामाघूम तास. रस्ता तोच, वेग किंवा हार्ट रेट तोच, दिवसाची वेळ तीच, आणि हवा शक्य तितकी सारखी. निघण्याआधी कपड्यांचं वजन, स्वतःचं कपड्यांशिवाय वजन आणि पाण्याची बाटली किती भरली तेही. परत आल्यावर अंग पुसून परत स्वतःचं वजन आणि कपड्यांचं ओलं वजन. समजा तुमचं ९०० ग्रॅम कमी झालं आणि वाटेत ३०० ग्रॅम पाणी प्यायलात, म्हणजे साधारण १२०० ग्रॅम घाम गेला (मधे लघवीला गेला नसाल तर). कपडे २५० ग्रॅमने जड झाले असतील तर तेवढा घाम कपड्यांनी धरून ठेवला, बाकीचा वाळला किंवा टपकला. दुसऱ्या दिवशी दुसरा टीशर्ट, बाकी सगळं तेच. कपड्यांनी धरलेला घाम आणि एकूण घाम यांचं प्रमाण तुलना करायला वापरा, नुसता एकच आकडा काही सांगत नाही, कारण घाम रोज कमीजास्त असतो.

सोबत "कसं वाटतंय" हेही आकड्यात लिहा, १ ते ७. उकाडा, ओलेपणा, चिकटणं, घासणं, अडकणं, प्रत्येकाला वेगळा आकडा. दहाव्या मिनिटाला, तिसाव्या मिनिटाला, शेवटी, आणि थांबल्यानंतर दहा मिनिटांनी. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि तिथेच खरा फरक पडतो, पळताना सगळेच कपडे बरे वाटतात, थांबल्यावर कोणता गार पडून पाठीला चिकटतो ते तेव्हा कळतं. पळता पळता लिहिणं शक्य नाही, मोबाइलमध्ये बोलून ठेवा. थंडीत तपासत असाल तर सुरुवातीला जरा गारवा लागेल इतकेच कपडे घाला, दारात ऊबदार वाटलं तर दहा मिनिटांत घामाने भिजणार.

मनाचे खेळ टाळायला एक जुना आवडता टीशर्ट आधार म्हणून ठेवा आणि नव्याला त्याच्याशीच लावून बघा. आधी जुना, मग नवा, मग परत नवा, मग जुना, असा क्रम घेतला की हवेचा आणि थकव्याचा फरक थोडा विभागला जातो. किंमत आणि ब्रँड माहीत असला की आपण नकळत एक-दोन मार्क जास्त देतो, त्यामुळे जमलं तर लोगोवर टेप लावून घरच्या कोणाकडून तरी कपडा निवडून घ्या.

मोज्यांसाठी तर याहून सोपी युक्ती आहे, एका पायात एक मोजा, दुसऱ्या पायात दुसरा. तोच रस्ता, तोच घाम, तेच बूट, एकाच वेळी तुलना. पुढच्या वेळी पाय बदला, कारण दोन्ही पाय सारखे नसतात. बोटांवरची आडवी शिवण आणि टाचेचा खिसा नेमका टाचेवर बसतो का, हे दोन बघा. फोड बहुतेक तिथूनच सुरू होतात.

धुतल्यावर

वासाची तक्रार पॉलिएस्टरबद्दल जास्त येते आणि ती खरी आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सायकलिंगच्या क्लासनंतर २६ जणांचे टीशर्ट तपासले, त्यात पॉलिएस्टरचे कॉटनपेक्षा जास्त घाणेरडे वास मारत होते आणि वास करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त वाढलेले दिसले. घरची टेस्ट म्हणजे घामेजला टीशर्ट रात्रभर पिशवीत, सकाळी धुऊन वाळवायचा, आणि मग काखेचा भाग जरासा ओला करून हुंगायचा. धुतल्यावरही ओला होताच वास उठला तर तो कपडा तसाच वागणार. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालू नका, तो धाग्यांवर थर धरतो आणि मग थेंब मणी होऊन बसतो.

नवीन कपड्यावर छाती ते काठ अशी लांबी आधीच मोजून ठेवा, पाच धुण्यांनंतर परत मोजा. बाजूची शिवण फिरून पोटावर आली का तेही बघा, कापड सरळ विणलेलं किंवा कापलेलं नसलं की असं होतं, आणि एकदा फिरली की ती काही परत जात नाही. मांड्यांच्या आत आणि सॅकच्या पट्ट्यांखाली कापडावर गोळे येतात का बघा.

उन्हात खेळणाऱ्यांनी यूपीएफ, म्हणजे कापड उन्हापासून किती वाचवतं तो आकडा बघावा, ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग आत येतो. पण हा आकडा बहुतेक वेळा नव्या, कोरड्या, न ताणलेल्या कापडाचा असतो, अंगावर घट्ट ताणलेला आणि भिजलेला पातळ टीशर्ट तेवढं संरक्षण देत नाही, म्हणून उन्हासाठी एक माप सैलच घ्या.

आणि काढून कधी टाकायचा? खडूच्या खुणांची टेस्ट दर काही महिन्यांनी करा, ताणलेलं कापड परत येत नसेल, किंवा टाईट्सवर उजेडात चमकणारे तुटके केसासारखे धागे दिसायला लागले, तर त्यातलं स्पॅन्डेक्स संपलं. ब्राच्या बाबतीत सगळ्यात आतल्या हुकवरही पट्टी वर सरकत असेल तर ती घरात घालायला ठेवा, पळायला नको.